समुद्राला युरिया कोण टाकतं?

कांदेबाग_रावेर

रामराम मंडळी. शेती विभागात टाकू का विज्ञान विभागात ते कळेना म्हणून इथंच धागा काढतोय.

गेल्या एप्रिलात पोरांच्या परीक्षा संपल्या आणि त्यांच्या हट्टापायी मालवणला गेलो. होडीतून किल्ला बघायला निघालो तर पाण्यावर मातकट पिवळे पट्टेच्या पट्टे, लाकडाच्या वखारीतला भुसा कुणी पोतं उलटं करून सांडावा तसे. हात घातला तर बोटांना कण चिकटले. काही बारीक काडीसारखे, काही गोल, सरकीवरच्या तंतूंची गोळी करावी तसे. होडीवाले काका म्हणाले दर उन्हाळ्यात वारा पडला की हे येतं, चार-आठ दिवस राहतं नि जातं.

घरी आल्यावर मोठीनं, ती अकरावीला आहे, शोधून काढलं आणि म्हणाली बाबा तो भुसा नव्हता, जिवंत जीवाणू होते, आणि ते हवेतलं नत्र पकडून स्वतःचं खत स्वतः करतात. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. आपला हिशोब बघा, केळीला शिफारशीप्रमाणे झाडामागं २०० ग्रॅम नत्र, म्हणजे ४३५ ग्रॅम युरिया. दीड बाय दीड मीटरवर एकरी पावणेअठराशे झाडं धरली तर ४५ किलोच्या १७ गोण्या. एका एकराला! आणि तिकडं एवढा मोठा समुद्र, त्यात एवढे मासे, एवढं सगळं हिरवं, त्याला गोणी कोण फोडतं?

माझे प्रश्न असे की तिथं माती नाही, मूळ नाही, मुळावरच्या गाठी नाहीत, मग हे जीव जगतात कसे आणि वाढतात कशावर? आणि खरं सांगायचं तर मनात हेही आहे, की हे बियाणं आपल्या वावरात चालेल का?

ठिबकवाला_फैजपूर

भाऊ उत्तर सोपं आहे, ते आपलंच आहे. आपण टाकलेल्या युरियातला किती झाडाला लागतो आणि किती वाहून जातो हे तुम्हालाही माहिती आहे. वावरातून नाल्यात, नाल्यातून तापीत, आणि तापी मुलताईपासून ७२४ किलोमीटर वाहत सुरतेपाशी समुद्राला मिळते. खत पोचतं म्हणून शेवाळ माजतं. आपल्या गावतळ्यात हिरवी साय धरते तसंच. मला तर ते पट्टे म्हणजे प्रदूषणच वाटतं.

भुसावळ_जंक्शन

+१. आणि शहरांचं सांडपाणी कुठं जातं तेही बघा.

सूक्ष्मदर्शी

नमस्कार. मी मूळचा चोपड्याचा, गोव्यात समुद्री सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलं आणि हे पट्टे बादलीत भरून आणून त्यांच्यावर कित्येक रात्री काढल्यात, त्यामुळं हा धागा बघून राहवलं नाही. मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आधी ठिबकवाला दादांना. तळ्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि नदीच्या मुखाशी, खाडीत तसं होतंही. पण मालवणला दिसलेला हा जीव उलट्या स्वभावाचा आहे. जिथं पाण्यात नत्र भरपूर आहे तिथं बाकीची शेवाळं भराभर वाढतात आणि हा मागं पडतो, कारण हा फार सावकाश वाढतो, दुप्पट व्हायला याला दोन-तीन दिवसांपासून पाच दिवस लागतात. याचं राज्य कुठं, तर जिथं पाण्यातलं नत्र संपलंय आणि बाकीचे उपाशी बसलेत तिथं. एप्रिलात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नेमकं तेच होतं. वारा पडलेला असतो, वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या थंड पाण्यावर तसंच तरंगत राहतं, दोन्ही मिसळत नाहीत. खताचा साठा खाली अंधारात, ऊन वर. वरचं नत्र हिवाळ्यात वाढलेल्या शेवाळांनी आधीच खाऊन टाकलेलं असतं. अशा वेळी ज्याला हवेतलं नत्र वापरता येतं त्याचीच चांदी.

त्याचं नाव ट्रायकोडेस्मियम. निळं-हिरवं शेवाळ म्हणतो त्या घराण्यातला, म्हणजे खरं तर जीवाणूच, पण उन्हावर अन्न करणारा. एकेक पेशी केसाहून कितीतरी बारीक, त्या एकीला एक जोडून धागा होतो, एका धाग्यात दहा-वीसपासून शंभर-दोनशेपर्यंत पेशी, आणि असे पुष्कळ धागे एकत्र आले की नुसत्या डोळ्याला दिसणारा कण. कांदेबाग भाऊंनी दोन प्रकार अगदी बरोबर हेरलेत. काडीसारखा म्हणजे धागे एकमेकांना समांतर, गवताची पेंढी बांधल्यासारखे. गोल म्हणजे मधून चहूबाजूंनी फुटलेले, बाभळीचं पिवळं फूल असतं ना, डिट्टो तसं. भिंगाखाली पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या शेताच्या बांधावरची बाभळच आठवली होती.

प्रत्येक पेशीत हवेच्या इवल्या इवल्या पोकळ्या असतात, त्यानं तो तरंगतो. दिवसभर ऊन खाऊन पिष्टमय पदार्थ साठले की जड होऊन थोडा खाली जातो, रात्री ते जाळले की परत वर. वारा नसला की सगळे पृष्ठभागावर गोळा होतात, तोच तुमचा भुसा. जुन्या खलाशांनीही याला समुद्री भुसाच म्हटलं होतं, १७७० मध्ये कॅप्टन कुकचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यानं जात असतानाची नोंद आहे. त्या काळी कारखान्यात केलेला युरिया नव्हता की त्या किनाऱ्यावर मोठी शहरं नव्हती, तरी पट्टे होतेच.

नत्र पकडण्याचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, जेवायला बोलावतायत.

ठिबकवाला_फैजपूर

बरं झालं सांगितलं. मी माझं प्रदूषणाचं विधान मागं घेतो, निदान या जीवापुरतं.

आक्का_अमळनेर

सूक्ष्मदर्शी दादा, जेवून या निवांत. तोवर मी आमच्याकडचं सांगते.

आमच्याकडं तूर, मूग, उडीद तिन्ही असतात. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी रायझोबियमचं, म्हणजे मुळावर गाठी करणाऱ्या जीवाणूंचं, पाकीट, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचं आणि सावलीत सुकवायचं हे काम माझंच. सासूबाई आधी म्हणायच्या हे काय काळं फासतेस बियाण्याला. मग एके वर्षी श्रावणात मुगाचं झाड हलकेच मातीसकट उपटून त्यांना मुळावरच्या गाठी दाखवल्या, नखानं एक गाठ फोडली तर आत गुलाबी लाल, मांसासारखा रंग. त्या बघतच राहिल्या. आत लाल असेल तर गाठ कामावर आहे, आत हिरवट-पांढरी असेल तर बिनकामाची, हे मला कृषी सहायकांनी शिकवलेलं.

आणि सासूबाई तेव्हा जे बोलल्या ते मला फार आवडलं, म्हणाल्या, अगं म्हणजे बेवड बेवड म्हणतो तो हाच की. मुगाच्या बेवडावर, म्हणजे आधी मूग घेतलेल्या रानात, ज्वारी चांगली येते हे त्यांना ठाऊकच होतं, का येते ते त्या दिवशी दिसलं.

तर माझा प्रश्न, समुद्रातल्या या भुश्याचाही बेवड पडतो का? म्हणजे तो फक्त स्वतःपुरतं नत्र करतो का दुसऱ्याला मिळतं?

मास्तर_पारोळा

आक्का, बेवड हा शब्द किती वर्षांनी वाचला! पोरांना शिकवताना इथून पुढं हाच वापरणार.

सूक्ष्मदर्शी, माझी एक शंका, विज्ञान शिकवतो म्हणून. नत्र पकडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, नायट्रोजिनेज, त्याला प्राणवायू चालत नाही, लागला की खराब होतं, असं आम्ही शिकवतो. गाठीतला तो गुलाबी रंगसुद्धा लेगहिमोग्लोबिनचा, प्राणवायू धरून ठेवून विकराला जपणारा. मग हा ट्रायकोडेस्मियम उन्हात स्वतःच प्राणवायू सोडतो आणि त्याच पेशीत नत्रही पकडतो हे कसं जमतं? एकाच चुलीवर दूध पण तापवायचं आणि त्यातच लिंबू पण पिळायचं असं झालं हे.

सूक्ष्मदर्शी

मास्तर, या प्रश्नावर शास्त्रज्ञांची आयुष्यं गेलीत.

सुरुवातीपासून घेतो. हवेत ७८ टक्के नत्र आहे आणि ते समुद्राच्या पाण्यातही विरघळलेलं असतं, म्हणजे तुटवडा नत्राचा नाहीच. अडचण ही की त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं धरून बसलेत. तो बंध तोडायला आपण कारखान्यात ४००-५०० अंश तापमान आणि हवेच्या दाबाच्या दोनशे पट वगैरे दाब लावतो, हाबर आणि बॉश यांची पद्धत, जर्मनीत १९१३ मध्ये पहिला मोठा कारखाना सुरू झाला. आपली युरियाची गोणी त्याच पद्धतीतून येते. हे जीव तेच काम समुद्राच्या साध्या कोमट पाण्यात करतात. पण फुकट नाही, नत्राच्या एका रेणूमागं पेशीला ऊर्जेच्या १६ पुड्या, म्हणजे एटीपीचे १६ रेणू खर्चावे लागतात. म्हणून तर तो सावकाश वाढतो, कमाईतला मोठा भाग खत करण्यातच जातो.

आता प्राणवायूचं. समुद्रात यावर वेगवेगळ्या जीवांनी वेगवेगळी वाट काढलीय.

ट्रायकोडेस्मियम दिवसाढवळ्या नत्र पकडतो. दुपारच्या आसपास प्रकाशसंश्लेषणाचा जोर काही वेळ कमी करतो, त्याच वेळी पेशीतला प्राणवायू श्वसनानं जाळत राहतो, आणि नत्राचं काम साधतो. सगळा खुलासा अजून झालेला नाही, वाद चालू आहेत.

दुसरा क्रोकोस्फेरा. एकटी गोल पेशी, धागा वगैरे नाही. दिवसा ऊन खाऊन साठवण करायची आणि रात्री, प्राणवायू तयार होत नसताना, त्या साठ्यावर नत्र पकडायचं. याची एक गोष्ट मला फार आवडते. दोन्ही कामांच्या यंत्रणांना लोह लागतं आणि समुद्रात लोहाचा दुष्काळ. मग हा काय करतो, रोज संध्याकाळी प्रकाशाच्या यंत्रणेतली लोहवाली प्रथिनं मोडतो आणि तेच लोह नत्राच्या विकरात घालतो, सकाळी ते विकर मोडून लोह परत प्रकाशाच्या कामाला. रोज! २०११ मध्ये हे उलगडलं तेव्हा त्यांनी मोजलं की यानं त्याची लोहाची गरज ४० टक्क्यांपर्यंत कमी होते.

तिसरा रिचेलिया. हा डायटम नावाच्या काचेच्या कवचाच्या शेवाळांच्या आश्रयानं राहतो आणि त्याच्या धाग्याच्या टोकाला एक जाड भिंतीची खास पेशी असते, ती नत्राशिवाय दुसरं काही करत नाही, प्राणवायूला आत यायला बंदी.

आक्का, बेवडाचं. हो, पडतो! पकडलेल्या नत्राचा बराचसा वाटा तो जिवंत असतानाच पाण्यात पाझरतो, आणि मेल्यावर उरलेलंही मिळतं. शेजारचे डायटम आणि बाकीची शेवाळं त्यावर वाढतात, त्यांना बारीक प्राणी खातात, त्यांना मासे. सगळ्या समुद्रात मिळून वर्षाला १० ते २० कोटी टन नत्र असं पकडलं जातं असा अंदाज आहे.

कांदेबाग_रावेर

क्रोकोस्फेराचं वाचून घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणजे समुद्रातसुद्धा थ्री फेज रात्रीचीच आहे! आमचं पण तेच, एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री, बॅटरी घेऊन बारा वाजता मोटर टाकायला जायचं. आणि एकच मोटर दिवसा या विहिरीवर, रात्री काढून त्या विहिरीवर, हेसुद्धा माझ्या वडिलांनी केलेलं आहे. बैलगाडीत घालून न्यायचे.

रेवा_शहादा

😂😂 क्रोकोस्फेरा आपल्याच गावचा दिसतो

डेकवरून_शहादा

रेवाताई, गाववाले भेटलो!

मी सतरा वर्षं मालवाहू जहाजावर आहे. मार्च-एप्रिलात अरबी समुद्रात हे पट्टे मी पाहिलेत, ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीतून, बघावं तर वाऱ्याच्या दिशेनं लांबच लांब ओळी, नांगरट केलेल्या वावरासारख्या, क्षितिजापर्यंत. ताजे असताना पिवळसर तपकिरी, जुने झाले की कडेला गुलाबीसर. वासही येतो, कुजक्या गवताचा. लाल समुद्राचं नाव यावरूनच पडलं असं आमचे जुने कॅप्टन सांगायचे.

आणि रात्री हे चमकतात. जहाजाच्या पुढच्या लाटेत निळा उजेड फुटतो, तो देखावा शब्दात नाही सांगता येणार.

सूक्ष्मदर्शी

गुलाबी कडेचं निरीक्षण लाखमोलाचं आहे. पेशी मरून फुटायला लागल्या की आतला लालसर रंग पाण्यात उतरतो, तो तुम्ही पाहिलात. लाल समुद्राच्या नावाचं बरेच जण मानतात, पण नक्की तेच कारण असं कुणी सिद्ध केलेलं नाही. मात्र या जीवाचं शास्त्रीय वर्णन तिथल्याच नमुन्यावरून झालं, एहरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं १८३० मध्ये केलं.

फक्त चमकण्याचं काम याचं नाही. तो निळा उजेड बहुतेक नॉक्टिल्युकाचा, तो वेगळा जीव, जीवाणू नाही आणि नत्रही पकडत नाही. अरबी समुद्रात तो हिवाळ्यात माजतो, पाणी हिरवंगार दिसतं. दोघांची लोक नेहमी गल्लत करतात.

डेकवरून_शहादा

अच्छा. पण मी दोन्ही एकाच फेरीत पाहिलंय, मार्चच्या सुरुवातीला. दिवसा पट्टे, रात्री उजेड.

सूक्ष्मदर्शी

शक्य आहे, हंगाम बदलताना दोन्ही असू शकतात. पण उजेड नॉक्टिल्युकाचाच.

भुसावळ_जंक्शन

विषयाला सोडून आहे पण आक्कांनी उडीद म्हटलं आणि मला कळण्याची भाकर आठवली. ज्वारी आणि उडीद एकत्र दळायचं, वर ठेचा आणि तेल. पुण्यात राहून दहा वर्षं झाली, इथं मिळत नाही.

आक्का_अमळनेर

सोडून कुठं, विषयाचंच आहे. ज्वारी नत्र खाणारी, उडीद नत्र देणारा, वावरात पण जोडी आणि भाकरीत पण जोडी. अमळनेरला या, करून घालते.

केळीपुत्र

भरीत पण ठेवा आक्का 🙏

मास्तर_पारोळा

मंडळी जेवणावरून परत समुद्रावर या.

मला पुढचा प्रश्न पडलाय. नत्र हवेतून फुकट मिळतंय, ऊनही फुकट, तर मग हे जीव सगळ्या समुद्रभर का नाहीत? कुठंतरी अडत असणार ना.

सूक्ष्मदर्शी

अडतं, लोहात आणि स्फुरदात (फॉस्फरसमध्ये).

कांदेबाग भाऊ आणि ठिबकवाला दादांना हे लगेच कळेल. आपल्या चुनखडीच्या जमिनीत केळीची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. माती तपासली तर लोह आहे, पण ते झाडाला उचलता येत नाही अशा रूपात. समुद्रातही तेच, पाण्यात प्राणवायू असल्यानं लोहाचा गंज होतो आणि तो तळाला जातो, विरघळलेलं लोह नावालाच उरतं. आणि नत्राचं विकर तर लोहाचंच बनलेलं, सोबत थोडं मॉलिब्डेनम. मग लोह येणार कुठून? वाळवंटातून, धुळीनं. सहाराची धूळ वाऱ्यावर अटलांटिकवर जाऊन पडते, आणि उत्तर अटलांटिकच्या उष्ण भागात ट्रायकोडेस्मियम चांगला वाढतो त्याचं हे मोठं कारण. आपल्या अरबी समुद्रावर अरबस्तानाकडून धूळ येते.

आता एक जवळून बघितलेली गोष्ट सांगतो. ते बाभळीच्या फुलासारखे गोळे असतात ना, त्यांच्यावर धुळीचा कण पडला की धागे तो कण हळूहळू सरकवत गोळ्याच्या मध्यावर नेतात. लाल समुद्रातल्या गोळ्यांवर हे दाखवून दिलंय, वाळूचा कण कडेला ठेवला तर काही वेळानं तो मधे. मग सगळे मिळून त्यातलं लोह विरघळवतात, गोळ्यात राहणारे दुसरे जीवाणूही त्यात मदत करतात. मी स्वतः भिंगाखाली मधे अडकलेले तांबूस कण पाहिलेत आणि तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण डोळे नाहीत, हात नाहीत, आणि तरी खत ओढून घरात नेताहेत.

आणखी एक अट म्हणजे ऊब. वीस अंशाच्या खाली ट्रायकोडेस्मियमचं फारसं जमत नाही. थंड पाण्यात नत्र पकडणारा गडी वेगळा आहे, त्याची गोष्ट मोठी आहे.

ठिबकवाला_फैजपूर

लोहाचं लगेच पटलं. मी दरवर्षी फेरस सल्फेट फवारतो. म्हणजे समुद्राला फवारा वाळवंट मारतं.

निलिमा_धुळे

त्या वेगळ्या गड्याची गोष्ट मी सांगू का? कॉलेजात शिकवते आणि यावर गेल्या वर्षी वर्गात तास घेतला होता, मुलं घंटा झाली तरी उठली नव्हती.

१९९८ मध्ये अमेरिकेतले जोनाथन झेर पॅसिफिकच्या पाण्यात नत्र पकडण्याचं जनुक शोधत होते आणि त्यांना एक तुकडा मिळाला जो कुठल्याच ओळखीच्या जीवाचा नव्हता. नुसता जनुकाचा तुकडा, जीव दिसेना. त्याला नाव दिलं यूसीवायएन-ए. पुढं त्याची सगळी जनुकं वाचली तर आणखी कोडं, निळ्या-हिरव्या शेवाळाच्या घराण्यातला असून प्रकाशातून प्राणवायू सोडणारी यंत्रणाच त्याच्याकडं नाही, कार्बन पकडायचं विकर नाही. मग खातो काय? २०१२ मध्ये कळलं की तो एका शेवाळाच्या सोबतीनं राहतो, शेवाळ त्याला साखर देतं, तो नत्र देतो.

इकडं जपानमध्ये क्योको हागिनो नावाच्या बाई ते शेवाळ प्रयोगशाळेत वाढवायच्या मागं होत्या. ब्रारुडोस्फेरा म्हणतात त्याला, त्याच्या अंगावर चुन्याच्या पंचकोनी पाट्या असतात, बारा पाट्या जोडून इवलंसं डबीसारखं घर. ते वाढेचना. त्यांनी तीनशेहून जास्त वेळा समुद्रावर जाऊन पाणी आणलं, दहा वर्षांहून जास्त काळ हेच, आणि शेवटी ते शेवाळ टिकलं. मला झेर यांच्याइतकाच, खरं तर जास्तच, आदर या बाईंबद्दल वाटतो.

ते शेवाळ हाती आलं म्हणून पुढचं दिसलं. क्ष-किरणांनी पेशीच्या आतली चित्रं घेतली तर शेवाळाची पेशी विभागताना आतला तो जीवही ठरलेल्या वेळी विभागतो आणि दोन्ही लेकींना एकेक वाटणी मिळते. त्याच्या अंगातली निम्म्याच्या आसपास प्रथिनं शेवाळाकडून येतात, ती शेवाळाच्या जनुकांवरून बनतात. म्हणजे हा पाहुणा राहिलाच नाही, पेशीचा अवयव झाला. एप्रिल २०२४ मध्ये हे छापून आलं आणि त्याला नायट्रोप्लास्ट म्हणायचं ठरलं. आपल्या पेशीतलं मायटोकॉन्ड्रिया आणि पानातलं हरितलवक असेच कधीकाळी बाहेरून आलेले जीवाणू. हा साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी आला असावा असं मानतात. आणि सूक्ष्मदर्शी म्हणाले तसं, हा आर्क्टिकच्या थंड पाण्यातही सापडलाय.

कांदेबाग_रावेर

ताई फार सुंदर सांगितलं. म्हणजे आखाजीला सालदार म्हणून आला, आणि वर्षानुवर्षं राहून राहून घरातलाच झाला, सातबाऱ्यावर नाव लागलं.

रेवा_शहादा

मी घरजावई म्हणणार होते पण सालदार जास्त बरोबर आहे, कामाचा आहे ना तो 😄

मास्तर_पारोळा

निलिमाताई, थोडा मतभेद नोंदवतो. अवयव म्हणायची घाई नको असं मला वाटतं. गाठीतलं रायझोबियमसुद्धा झाडाकडून पुष्कळ काही घेतं, त्याला आपण अवयव म्हणत नाही.

निलिमा_धुळे

मास्तर, फरक आहे. मुगाच्या बीमध्ये रायझोबियम नसतं, दर पेरणीला नव्यानं मातीतून नाहीतर आक्कांच्या पाकिटातून घ्यावं लागतं. नायट्रोप्लास्ट आईकडून लेकीला मिळतो, पाकीट लागत नाही. आणि स्वतःला लागणारी प्रथिनं तो यजमानाकडून आयात करतो, ही खूण अवयवाचीच मानतात.

मास्तर_पारोळा

पाकिटाच्या मुद्द्यावर निरुत्तर. वर्गात असंच सांगेन.

सूक्ष्मदर्शी

रायझोबियम निघालंच आहे तर आक्कांसाठी एक बातमी. २०२४ मध्येच जर्मनीतल्या ब्रेमेनच्या माक्स प्लांक संस्थेच्या लोकांनी दाखवलं की उत्तर अटलांटिकच्या उष्ण भागात एका डायटमच्या पेशीच्या आत एक जीवाणू राहतो आणि नत्र पकडून त्याला देतो, आणि तो निळ्या-हिरव्या शेवाळाच्या घराण्यातला नाहीच. तो रायझोबियमच्या भाऊबंदांपैकी आहे.

आक्का_अमळनेर

काय सांगता!! माझ्या पाकिटातल्याचे भाऊबंद समुद्रात?

सूक्ष्मदर्शी

हो आक्का. तिकडं मूळ नाही, गाठ नाही, काचेच्या कवचाचं शेवाळ हीच त्यांची गाठ.

आक्का_अमळनेर

सासूबाईंना आत्ताच सांगितलं. त्या अहिराणीत म्हणाल्या, "बठ्ठीकडे बेवड से मंग." म्हणजे सगळीकडेच बेवड आहे मग.

ठिबकवाला_फैजपूर

माझा परत एक प्रश्न. एवढं नत्र दरवर्षी पकडलं जातं तर आजवर समुद्र खतानं भरून जायला हवा होता. जातं कुठं?

सूक्ष्मदर्शी

हवेतच परत. वावरात पाणी तुंबलं की युरिया वाया जातो, पिवळं पडतं पीक, त्यातलं एक कारण हेच. प्राणवायू संपला की काही जीवाणू नायट्रेटवर श्वास घेतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. आणि याचं जगातलं एक मोठं ठिकाण आपल्याच दारात आहे. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू जवळपास नसलेला थर आहे, जगातल्या अशा तीन मोठ्या भागांपैकी हा एक. वर ट्रायकोडेस्मियम नत्र पकडतोय आणि खाली दुसरे ते सोडून देताहेत, एकाच समुद्रात.

यातच ठिबकवाला दादांचा पहिला मुद्दा परत येतो. आपल्या वावरातून वाहून जाणाऱ्या युरियानं ट्रायकोडेस्मियम वाढत नाही हे खरं, पण किनाऱ्याजवळ बाकीची शेवाळं वाढतात, ती मरून कुजताना प्राणवायू खातात. तेव्हा ठिबकमधून मोजून, थोडं थोडं खत सोडणं समुद्राच्याही भल्याचंच आहे, हे मी मनापासून सांगतो.

केळीपुत्र

सगळं वाचलं, पण भाऊंच्या मूळ प्रश्नाचं काय? बियाणं वावरात चालेल का?

निलिमा_धुळे

सरळ नाही चालणार. ट्रायकोडेस्मियमला समुद्राचं खारं पाणी लागतं, प्रयोगशाळेतसुद्धा तो नखरे करतो. पण त्याच्या घराण्यातला एक जीव पोटात सांभाळणारी वनस्पती आपल्याकडं आधीच आहे, अ‍ॅझोला. ते पाण्यावरचं इवलं नेचं, त्याच्या पानाच्या पोकळीत अ‍ॅनाबीना राहतो आणि नत्र पकडतो. नवापूरकडं भाताच्या खाचरात सोडलेला पाहिलाय, आणि पुष्कळ जण टाकीत वाढवून गाई-म्हशींना घालतात. केळीला म्हणाल तर अ‍ॅझोटोबॅक्टर, अ‍ॅझोस्पिरिलम आहेत, मातीत मोकळे राहतात, पण त्यानं १७ गोण्यांच्या शून्य होणार नाहीत, थोड्या कमी होतील.

नायट्रोप्लास्टमुळं एक आशा मात्र नक्की वाढलीय. उद्या पिकाच्याच पेशीत नत्राचा कारखाना बसवता येईल का यावर काम चालू आहे.

ठिबकवाला_फैजपूर

ताई ते "उद्या" मी वीस वर्षं ऐकतोय. शेतकऱ्याला आशा दाखवताना जपून.

निलिमा_धुळे

मान्य दादा. इतकंच म्हणते की निसर्गात हे एकदा घडलेलं आहे हे आता नक्की कळलंय, आधी तेही माहीत नव्हतं. वावरात यायला किती वर्षं लागतील ते मी सांगणार नाही.

कांदेबाग_रावेर

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस हा धागा घरात सगळे मिळून वाचतोय.

काल मोठी म्हणाली बाबा गाठी दाखवा. केळीच्या दोन ओळींत चवळी टाकली होती, एक झाड खुरप्यानं सावकाश काढलं, बादलीत मुळं धुतली. मोठ्या मुळाला बारा-पंधरा गाठी, मुगाएवढ्या. तिनं ब्लेडनं एक कापली, आत लालच. धाकटा म्हणाला रक्त आहे का. तिनं त्याला प्राणवायूचं सगळं समजावून सांगितलं, मास्तरांचं दूध-लिंबू पण सांगितलं. मी नुसता ऐकत उभा होतो.

येत्या एप्रिलात परत मालवण ठरलंय, पोरांनीच ठरवलं. सूक्ष्मदर्शी दादा, त्या भुश्यातलं बाभळीचं फूल तिला दाखवायचं आहे. सोबत काय न्यायचं तेवढं सांगा.

सूक्ष्मदर्शी

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरेल. सकाळी वारा सुटायच्या आत जा, पाणी ढवळू नका, बादली हळूच बुडवून वरचंच पाणी घ्या आणि लगेच सावलीत बघा, तासाभरात गोळे विस्कटायला लागतात. काचेचा ग्लास असला तर त्यात थोडं काढून मागं काळा कागद धरा, वर तरंगत जाताना दिसतील. बघून झालं की पाणी परत समुद्रात ओता. आणि बादली पांढरी न्या, निळ्या बादलीत काही दिसत नाही.